देवळाचा दुखवटा

वर्ध्याच्या रेल्वे क्वार्टरांत यहुद्यांचं घर एकच, आमचं. तसे आम्ही मूळ कोकणातले. बोलणं मराठी, आजीचं नेसणं नऊवारी. फक्त घरात मूर्ती नाही आणि शनिवारी कामाला हात लावायचा नाही. बाबा गार्ड होते, त्यांची बदली झाली तसे आलो. शेजाऱ्यांच्या लेखी आम्ही ‘शनवारवाले’. तेवढ्यावर सगळं भागत होतं.

भागलं नाही ते बिरड्याच्या उपासाला. हा उपास भर पावसाळ्यात येतो. आधी आठ दिवस मटण बंद, वालाचं बिरडं खायचं. मग आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा घोटही नाही. चूल विझलेली, पाय अनवाणी, आणि जमिनीवर बसून विलापाचं पुस्तक वाचायचं. आई त्या वर्षी बाळंतपणाला माहेरी गेली होती. घरात आजी, बाबा आणि मी. बाबा असे रडक्या सुरात वाचत की पुस्तक लिहिणाऱ्यालाही वाटलं असतं, पुरे आता.

पलीकडच्या मावशींनी भिंतीआडून तो सूर ऐकला. आमच्या धुराड्यातून धूर नाही हेही पाहिलं. त्यांचा नवरा रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन होता. गेल्या दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आले होते. मावशी पदर सावरत आल्या, हातात झाकलेलं टोपलं. दुखवट्याच्या घरी शेजारणीनं भाकर न्यायची, ही रीतच.

“कोण गेलं वो आजी?” मावशींचे डोळे आधीच भरलेले.

“गेलं कुणी नाही गं.”

“मंग हे झुणका-भाकर घ्या. लेकरू तरी खाईन.”

“नको,” आजी म्हणाली. “आज तुझ्या घरचं खाता येत नाही.”

झालं! उपासानं आजीची जीभ कोरडी पडली होती, म्हणून तिनं वाक्य आखडतं घेतलं, आणि नेमकं नको तिथं आखडलं. मावशींचे डोळे तिथल्या तिथं सुके झाले. हे वाक्य त्यांनी जन्मभर ऐकलं होतं.

“हाव,” त्या म्हणाल्या. “मले वाटलं, तुमी लोक येगळे हा.” आणि टोपलं घेऊन निघाल्या.

मग मात्र आमची आजी, जी गुडघ्यांमुळे कधी झटकन उठत नसे, ती दारात आडवी आली. “अगं बये, कुणाच्याच घरचं नाही! माझ्यासुद्धा नाही! आमचं देऊळ जळलंय!”

“अरे माय! कुठलं? जाम गावच्या रस्त्यावरचं?”

“येरुशलेमचं.”

“कवा?”

“दोन हजार वर्षं होत आली.”

मावशींनी टोपलं खाली ठेवलं आणि आजीकडे नीट पाहिलं. “आजी, तेराव्याले तोंड गोड करतात वो.”

आता त्या बसल्याच. आजीनं सगळं सांगितलं. देऊळ दोनदा जळलं, लोक देशोधडीला लागले, जातील तिथं मार खाल्ला.

“अन् तुमचा देव तवा काय करून राह्यला होता?”

“आमच्या पापांची शिक्षा होती ती,” बाबा पुस्तकातून मान न काढता म्हणाले.

मावशी खळखळून हसल्या. “हे आमालेबी सांगत, भाऊ! मागल्या जन्मी पाप केलं, म्हणून विहिरीवर पाणी नाई. कोणतं पाप, इचारलं तर सांगणाऱ्याले मालूम नाई. म्हणून त्या देवालेच रामराम करून आलो आमी.”

बाबांनी पान उलटलं.

“हा पुस्तकातलं बोलतो,” आजी म्हणाली. “मी नाही त्याला इतक्या सहज सोडत.”

“भाऊले?”

“देवाला! वर्षभर मी त्याचं ऐकते. आज त्यानं माझं ऐकायचं. लेकरं चुकली म्हणून कुणी आपलंच घर पेटू देतं का? आणि परवा तिकडं युरोपात आमची पोरंबाळं मारली, त्यांनी कसलं पाप केलं होतं? आमचे थोर लोक सांगतात, आपल्याबरोबर देवही परागंदा झाला, मागोमाग हिंडतोय. म्हणजे आता आहे इथंच, वर्ध्याला, रेल्वे क्वार्टरात.”

“म्हंजे तोबी गळक्या कवेलूखाली?”

“मग! कौलं गळतात तर भिजू दे जरा.”

“जबाब काय देते मंग?”

“अजून दिला नाही. म्हणून तर दरवर्षी बसावं लागतं.”

“सोडून काऊन नाई देत?”

“भांडायला घरातलं माणूस लागतं गं.”

हे मावशींना पटलं की नाही, कोण जाणे. पण टोपलं त्यांनी परत नेलं नाही. “संध्याकाळी इथंच खाऊ. तवरीक मीबी नाई खात,” म्हणाल्या. मला मात्र त्यातलीच चतकोर भाकर दिली, पोरांना उपास नसतो म्हणून. मी खात होते आणि तिघं मोठी माणसं माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी नवीन पेच. तीन तारे दिसल्याशिवाय उपास सुटत नाही, आणि आभाळ तर घोंगडं पांघरून बसलेलं. बाबा घड्याळ दाखवू लागले. आजी म्हणे, घड्याळ रेल्वेचं, त्याच्यावर कसला भरवसा! शेवटी मावशींनी परसातल्या झाडाकडे बोट केलं. “कोंबड्या कवाच्याच चढल्या, आजी. आता हे रात नाई तं काय हाय?”

आजीनं अंधाराकडे पाहिलं, कोंबड्यांकडे पाहिलं. “शहाणी गं कोंबड्यांची जात,” म्हणाली, आणि मावशींच्याच ताटावर बसून त्यांची भाकर मोडली. पहिला घास तिनं मावशींना भरवला. मावशींनी तो बराच वेळ चावला.

पुढच्या वर्षी बिरड्याच्या उपासाला मावशी आल्या त्या उपास सुटायची वेळ धरूनच. डोक्यावर टोपलं, दारातूनच ओरडल्या, “आजी! आला का वो जबाब?”

“कसला येतोय!”

“मंग सरका जराशा,” म्हणाल्या आणि आजीशेजारी जमिनीवर बसल्या.