काजूच्या बागेत धनेश

काल सकाळी धनेशाचं जोडपं आमच्या काजूच्या बागेत जागा बघायला आलं. नर एकेका खोडावर चोच आपटून दाखवी आणि मादी मान वाकडी करी, भाड्याची खोली न आवडलेल्या बाईसारखी.

ही मादी झाडाच्या ढोलीत शिरते, दार लिंपून घेते आणि पिल्लं वाढेपर्यंत आतच बसते; नर बाहेरून फळं आणून भरवतो. काजूला एवढी ढोली कुठली? पूर्वी इथे बेहडा होता, किंजळ होती, वेली, शेकरं होती. ते सगळं रान तोडून मी एकाच झाडाच्या रांगा लावल्या. शाळेत चौथीपर्यंत रांगेत उभं राहणं तेवढं पक्कं शिकलो होतो.

चूक कबूल करायची मला सवय नाही. म्हणून गुपचूप आंब्याची जुनी पेटी एका काजूला बांधली. बायको खालून बघतच होती.

"तिला कोंडून घ्यायचंय, आणि तुम्ही फटींची पेटी देताय होय?"

"वारा लागेल तिला."

"मग तुम्हीच बसा आत. मी भात आणून देते."

मादीने पेटीत डोकावलं आणि दोघं पलीकडच्या डोंगराकडे उडाली. तिथे गेल्या वर्षीच रबर लागलंय, हे त्यांना कोण सांगणार?

आज कोयता घेऊन बागेतलं रान साफ करायला निघालो. वरच्या कोपऱ्यात किंजळीच्या जुन्या बुंध्याला कोवळा फुटवा आला होता. त्याला ढोली पडेपर्यंत मी काही उरत नाही. तसाच घरी आलो.

"झाला कोपरा?" बायकोने विचारलं.

"कंबर धरली."

"उद्या करणार?"

"त्या कोपऱ्यापुरती आता कायमचीच धरली."