नवरीला न नेणारी अॅम्बेसेडर

भैयाजींची पांढरी अॅम्बेसेडर कुडव्यात ज्याला माहीत नाही असा माणूस विरळा. दवाखाना असो, देवदर्शन असो, मयतीचं घर असो, हाक मारली की गाडी निघायची. फक्त नवरीला घेऊन ती कधीच निघाली नाही. काऊन, ते सून नूतनला आजवर कळलं नव्हतं.

आता नणंदेचंच लग्न निघालं. आचल हटून बसली.

"लोक भाड्यानं जुन्या गाड्या आणून राहिले, अन् आपल्या दारात उभी आहे न! मी बाबांच्याच गाडीत जाणार."

"ते गाडी नाही जात वरातीत," म्हणत भैयाजी भरल्या ताटावरून उठले.

अन्नावरून उठणं नूतनच्या जिवाला लागलं. सकाळी तुळशीला पाणी घातलं, अन् चहा घेऊन ती गाडी पुसणाऱ्या सासऱ्यांजवळ गेली.

"मामाजी, गाडीत काही दोष आहे काय?"

"गाडीत कायले राहील? लोक माह्यात दोष पाहतात." कपडा बोनेटवर टाकून ते पायरीवर टेकले. "नवरी बसली का गाडी रिवर्स घेत नाहीत. आम्ही सारे ड्रायवर पाळत होतो. चोरखमारा गावाकडची एक नवरी नेऊन राहिलो होतो. हुंड्यात मोटारसायकल नाही भेटली म्हणून नवरदेव गाडीतच तिले हाणू लागला. तलावाच्या पाळीवर तो लघवीले उतरला. पोरगी म्हणते, भाऊ, मले घरी नेऊन द्या. पाळीवर गाडी वळवाले जागा कुठं? तशीच मागच्या मागं नेली. तो समोरून धोतर सावरत धावे, अन् मी गाडी मागं मागं नेऊ!"

नूतनला हसू आवरेना. भैयाजी मात्र हसले नाहीत.

"मंग गाव म्हणे, याच्या गाडीत नवरी टिकत नाही. कोणी बलावलं नाही. मीही नवरीचं भाडं सोडलं. आता ते बोलणं आपल्या पोरीच्या मागं लावू?"

"त्या पोरीचं काय झालं, मामाजी?"

"तिरोड्याले शिलाईचं दुकान हाय तिचं. बाजारात दिसते. डोक्यावर पदर घेते, हात जोडते."

नूतननं सारं आचलला सांगितलं. आचल थेट बापासमोर उभी राहिली.

"बाबा, व्याह्यांना आत्ताच सांगून टाका, गाडी कोणती आहे ते. ऐकून नाक मुरडलं, तर लग्नाआधीच समजलं म्हणायचं."

भैयाजींनी स्पीकरवर फोन लावला. एकदाही न थांबता, अगदी धोतरासकट, सगळं सांगितलं. देवघराच्या उंबऱ्याशी नूतननं डोळे मिटले.

"म्हणजे ते तुम्हीच काय, भैयाजी?" व्याही बोलले. "आमच्या घरी बाया अजून ते गोष्ट सांगतात. गाडी तेच आणा. डिझेल कोण टाकणार, तेवढं बोला."

"पोरीचा बाप टाकते, अजून कोण!" भैयाजी खेकसले. फोन ठेवला अन् अंगणात जाऊन ते मागच्या टायरची हवा पाहू लागले.