डेझी टीचरांना दिलेले तीन

डेझी टीचर अख्खा खडू कधी वापरत नसत. नवा खडू हातात आला की आधी दोन तुकडे करायचे, मग फळ्याकडे वळायचं. वर्गात शिरताना चपलांचा आवाज मुद्दाम मोठा करायचा, म्हणजे आतल्या मुलांना सावरायला वेळ मिळे. लाल पेनानं फुली मारायची नाही, चुकलेल्या शब्दाखाली एक टिंब द्यायचं. गैरहजर मुलाचं नाव आलं की शेजारच्याला विचारायचं, "काय झालं त्याला?" आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचं नाव घ्यायचं नाही. डब्यात दुधी, तोंडली, नाहीतर फरसबी. घर उत्तनजवळच्या तारोडीत. घरात मासळीशिवाय ताट वाढलं जात नसे. पण स्टाफरूममधल्या निम्म्या बायका कांदासुद्धा न खाणाऱ्या. म्हणून एकोणतीस वर्षं दुधी.

समिधानं हे सगळं मुद्दाम टिपलं नव्हतं. ते दिसत गेलं. एम. ए., बी. एड. होऊन जूनमध्ये ती पूनम सागर वसाहतीजवळच्या या इंग्रजी शाळेत मराठी शिकवायला लागली. मराठी दोघींकडेच होतं. टीचरांकडे आठवी ते दहावी, समिधाकडे पाचवी ते सातवी. शाळा सुटली की दोघी कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत. तिथून समिधा पेणकरपाड्याला, टीचर भाईंदरला आणि पुढे उत्तनच्या बसला. कोपऱ्यावर अर्धा अर्धा तास जाई. दोघींच्या वयात बत्तीस वर्षांचं अंतर होतं. त्याची आठवण फारशी कुणाला होत नसे.

सप्टेंबरमध्ये मुख्याध्यापिका सुरुची मॅडमनी सूचना काढली. यंदापासून शिक्षकांचं मूल्यमापन होणार. निम्मं वजन मुलांच्या गुणांना. मुलं मोबाइलवर फॉर्म भरणार, नाव न लिहिता. निम्मं सहकाऱ्यांच्या गुणांना. प्रत्येकाच्या वर्गात एक सहकारी मागे बसून तक्ता भरणार.

"मुलं मला मार्क देणार?" गणिताच्या हंसा मॅडम म्हणाल्या. "गेल्याच आठवड्यात अर्धी नववी नापास केलीय मी. झालं माझं कल्याण."

"मग पास होतील एवढं शिकव ना," डेझी टीचर म्हणाल्या.

"तुझं काय जातंय, डेझीबेन. तू तर फुलीसुद्धा मारत नाहीस."

सगळ्या हसल्या. मग कुणीतरी अर्ज लिहिला. मुलांना एवढा अधिकार नको, त्यांच्या गुणांचं वजन कमी करा. अर्ज टेबलावरून फिरला. टीचरांनी तो वाचून पुढे सरकवला.

"सही?" हंसा मॅडमनी विचारलं.

"नको. मुलं आपल्याला रोज बघतात. आपण एकमेकींना एक दिवस बघणार."

"एक दिवस तरी कोण बघतंय?"

अर्जावर सव्वीस सह्या झाल्या. सव्विसावी समिधाची होती. ती नवीन होती. पेन तिच्यापुढे आलं, तिनं सही केली.

अर्ज मंजूर झाला. मुलांना तीस टक्के, सहकाऱ्यांना सत्तर.

हंसा मॅडम म्हणाल्या ते खरं निघालं. वर्गात कुणी बसलंच नाही. तक्ते चहाबरोबर फिरले. पाचपैकी पाच, पाचपैकी पाच, मध्येच एखादा चार, खरं वाटावं म्हणून. डेझी टीचरांचा तक्ता समिधाकडे आला होता.

"पाच लिही आणि सोड," हंसा मॅडम म्हणाल्या.

समिधानं टीचरांना विचारलं. टीचर म्हणाल्या, "वर्गात ये. जे दिसेल ते लिही."

ती दहावी 'ब'मध्ये शेवटच्या बाकावर बसली. तास पस्तीस मिनिटांचा. सहा मिनिटं हजेरीत गेली. मग रीमा धडा वाचायला उभी राहिली. रीमाच्या घरी हिंदी. एका जोडाक्षरावर ती अडली. वर्ग कुजबुजून शब्द सांगायला लागला, तसा टीचरांनी हात वर केला. सगळे गप्प. टीचर खिडकीशी उभ्या राहिल्या. रीमानं शब्द जुळवला, पुढे गेली, पुन्हा अडली. टीचर पुन्हा थांबल्या. तास संपला तेव्हा नऊ ओळी झाल्या होत्या. स्मार्ट बोर्ड बंद होता. त्याच्या कोपऱ्याला टीचरांची पिशवी अडकवलेली होती.

समिधानं घरी नीट बसून तक्ता भरला. विषयाचं ज्ञान, पाच. मुलांचा सहभाग, पाच. वेळेचं नियोजन, दोन. अभ्यासक्रमाची गती, दोन. तंत्रज्ञानाचा वापर, एक. सरासरी तीन. मैत्रीण आहे म्हणून पाच दिले, असं कुणी म्हणायला नको होतं. तक्ता देताना तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

निकाल ऑक्टोबरमध्ये लागला. मुलांच्या फॉर्ममध्ये डेझी टीचर शाळेत पहिल्या होत्या, चार पूर्णांक सात. एका मुलानं खाली लिहिलं होतं, 'टीचर रुकती है.' पण सहकाऱ्यांच्या रकान्यात बाकी सगळ्यांना साडेचारच्या वर होते आणि त्यांना तीन. सत्तर-तीसचा हिशेब लावून त्या यादीत सगळ्यात खाली आल्या. शेवटच्या शिक्षकाकडे दहावी ठेवायची नाही, असा नियम संस्थेनं केला होता. टीचरांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. जूनपासून दहावी समिधाकडे जाणार होती. मराठीला दुसरं कुणी नव्हतंच.

"हुशार निघालीस गं," हंसा मॅडम म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण चहाचे कप थांबले.

समिधा सुरुची मॅडमकडे गेली. तक्ता परत द्या म्हणाली.

"बाकीचे तक्ते कसे भरलेत ते मला कळत नाही, असं वाटतं तुला?" मॅडम म्हणाल्या. "ते खोटे आहेत असं लिहून देतेस?"

समिधानं पुढे केलेला हात मागे घेतला.

"मग माझ्याकडे सत्तावीस तक्ते आहेत आणि सगळे खरे आहेत. डेझीनं स्वतः फेरतपासणी मागितली तर बघू."

त्या दिवशी कोपऱ्यावर समिधा म्हणाली, "टीचर, तुम्ही फेरतपासणीचा अर्ज करा."

"तू लिहिलंस ते खोटं होतं?"

"नाही."

"मग काय तपासायचं, बाय?"

"पण बाकीच्यांनी…"

"बाकीच्यांचं राहू दे. रीमा परवा अख्खं पान वाचून गेली. ते तुझ्या तक्त्यात कुठे बसलं असतं?"

"तसा रकाना नव्हता."

"न्हाय ना," टीचर म्हणाल्या. घरची बोली शाळेच्या आसपास त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. मग त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मला दहावी आवडते. वाईट वाटलंय. तुला सांगतेय, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही."

रिक्षा आली. त्या बसल्या. समिधानं माफी मागितली नाही. पुढे कधीतरी निवांत बोलू, असं तिनं ठरवलं. टीचर पूर्वीसारख्याच कोपऱ्यापर्यंत येत राहिल्या. म्हणून ते 'कधीतरी' पुढे पुढे जात राहिलं.

दिवाळीनंतर मूल्यमापनाची दुसरी फेरी निघाली. या वेळी समिधाचा तक्ता डेझी टीचरांकडे आला. स्टाफरूममध्ये पुन्हा चहाबरोबर पाच-पाच फिरायला लागले. टीचर गुरुवारी समिधाच्या सहावीत येऊन मागे बसल्या. शुक्रवारी पुन्हा आल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "सोमवारी बोलू," एवढंच.

रविवारी चर्चहून आल्यावर अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटवताना त्या पडल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांचे पती एडविन यांचा दुपारी समिधाला फोन आला. ती 'हो' म्हणाली. पुन्हा 'हो' म्हणाली. शाळेच्या ग्रुपवर तेवीस जणांनी हात जोडले. त्यांच्या वर पिन केलेलं घटक चाचणीचं वेळापत्रक तसंच होतं.

सोमवारी ती तारोडीला गेली. चर्चमध्ये रीमा होती, अख्खी दहावी 'ब' होती. हंसा मॅडम भिंतीला टेकून रडत होत्या. समिधाला रडू आलं नाही. शवपेटीत टीचरांच्या हातात जपमाळ होती. उजव्या तर्जनीच्या नखात खडू होता. तो कुणी काढला नव्हता. समिधा त्या नखाकडे बघत राहिली. मग मागच्या माणसानं तिला पुढे व्हायला सांगितलं.

मंगळवारी सुरुची मॅडमनी तिला टीचरांचा खण रिकामा करायला सांगितला. "आणि तुझा तक्ता सापडतोय का बघ. दुपारी तीनपर्यंत संस्थेकडे पाठवायचाय. नाही सापडला तर हंसा भरेल."

खणात चष्म्याचं रिकामं घर होतं, एक डबी टाचण्या होत्या, दहावी 'ब'चे चौदा निबंध होते. सातांवर टिंबं दिलेली होती, सात कोरे होते. त्यांच्याखाली तक्ता होता. वर समिधाचं नाव, इयत्ता, विषय. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

'गुरुवार. तयारी चांगली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत येतो. घड्याळाकडे नऊ वेळा बघितलं. प्रश्न विचारते आणि उत्तर स्वतःच देते. खिडकीजवळच्या मुलीनं तीनदा हात वर केला, दिसला नाही. हे तिला सांगायचं, लिहायचं नाही.'

त्याखाली रेघ होती.

'शुक्रवार.'

पुढे पूर्णविराम होता आणि बाकी कागद कोरा होता. समिधानं तक्ता उलटला. गुणांचे पाचही रकाने रिकामे होते.