पिकअपची टायमिंग चेन

आमच्या पिकअपच्या इंजिनातली खरखर पहिल्यांदा मला ऐकू आली, नवऱ्याला नाही. खरं म्हणजे त्याला ती ऐकायचीच नव्हती. सकाळी चावी फिरवली की बोनेटच्या आतून पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज यायचा आणि जरा वेळाने आपोआप थांबायचा. थांबला की नवरा म्हणायचा, "बघ, गेला. तुला उगंच काईबी ऐकू येतं." पण गाडीत बसल्यावर माझं निम्मं लक्ष रस्त्याकडे आणि निम्मं बोनेटकडे असायचं.

असणारच. ती गाडी होती म्हणून आम्ही ऊसतोडीला जात नव्हतो. लग्नानंतर कितीतरी वर्षं दिवाळीच्या सुमाराला आमचं बिऱ्हाड पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जायचं. पाचटाने हात फाटायचे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना कंबरेतून कळ निघायची, आणि राहायला उसाच्या वाढ्यांची कोपी. मग ही जुनी पिकअप घेतली. गावातला भाजीपाला भरायचा आणि केज, माजलगाव, मधली लहान गावं असे आठवडी बाजार करायचे. गाडी नवरा चालवायचा, तराजू माझ्या हातात. बाजारात बाया मला 'वांग्यावाली ताई' म्हणून हाक मारायच्या. उसाच्या फडात मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही, ओरडल्याचं आठवतं. मेले तरी पुन्हा फडात पाय ठेवायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. माझं ते ठरवणं त्या म्हाताऱ्या इंजिनाच्या भरवशावर होतं.

गावातल्या शहाण्यांनी काय काय सल्ले दिले! टॅपेट वाजतंय म्हणाले, जाड ऑइल टाका म्हणाले. टाकलं. आवाज थोडे दिवस दबला, मग दुप्पट झाला, आणि गाडी गरम झाली तरी थांबेना. तेव्हा कुठे आमची स्वारी केजच्या मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीने चालू इंजिनाला लांब पेचकस टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "टायमिंग चेन ढिली झालीय. चेन ताणून धरतो तो टेन्शनर गेलाय. चेननं दात सोडले की इंजिन संपलं म्हणून समजा."

मॉडेल जुनं, कधीच बंद पडलेलं. केजला सामान मिळेना. बीडला मिळालं ते डुप्लिकेट निघालं, मिस्त्रीने हातात घेऊनच परत पाठवलं. शेवटी एका दुकानदाराने बाहेरून ओरिजिनल सेट मागवून दिला. तोवर आमचे बाजार बुडत होते आणि नवरा पारावर बसून होता. बीडहून एसटीत येताना ते खोकं मी मांडीवर घेतलं होतं. राहवलं नाही म्हणून उघडून बघितलं. चेन, तिचे गाइड आणि मुठीत मावेल एवढा चकचकीत टेन्शनर. एवढ्याशा लोखंडासाठी आमची चूल अडली होती, याचा राग आला. पण ते हातात आल्यावर जीव भांड्यात पडला, हेही खरं.

दसरा नुकताच झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन जाणाऱ्या गाड्यांची तेव्हा गॅरेजात रांग लागलेली असते, आणि त्या दिवसांत आमच्याकडे एक रीत चालते. एखादी गाडी खोलून पडलेली असली की तिचा पार्ट घाईच्या गाडीला लावायचा आणि मालकाला सांगायचं, नवा आला की तुमचा तुम्हाला. याला कुणी चोरी म्हणत नाही. उलट नाही म्हणणारा माणूस कोत्या मनाचा ठरतो.

गाडी आणायला नवरा एकटाच गेला. संध्याकाळी दारात गाडी उभी राहिली तेव्हा इंजिन खरंच शांत होतं. मी बोनेटला हळद-कुंकू वाहिलं. थोडे बाजार सुखाने झाले आणि मग आतून पुन्हा बारीक टकटक सुरू झाली. मी म्हटलं, मिस्त्रीला दाखवा. नवरा म्हणाला, "नवी चेन हाय, बसायला येळ लागतो." खोकं मी स्वतः आणलं होतं, म्हणून मी ते खरं मानलं.

माजलगावच्या रस्त्याला, मागे वांगी आणि मेथी भरलेली असताना, बोनेटखाली कडाड् असा आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी मेली. ट्रॅक्टरला दोर बांधून ती केजपर्यंत ओढत आणली. मिस्त्रीने इंजिन खोललं. चेन सुटली होती, व्हॉल्व्ह वाकले होते, पिस्टनला मार बसला होता. मग त्याने टेन्शनर काढून फडक्यावर ठेवला. काळा पडलेला, तोंडाशी झिजून खाच पडलेली.

"ह्यो तर जुनाच हाय," मी म्हणाले. "नवा कुठंय?"

मिस्त्री माझ्याकडे बघेना. "ताई, ते मालकाला इचारा. मी त्यांना इचारूनच नवा काढून दिलाय."

नवरा स्वच्छ हात पुन्हा पुन्हा पुसत होता. "मुकादमाची गाडी बी ह्याच मॉडेलची. टोळी घिऊन निघायची व्हती. आठ दिसात नवा देतो म्हणला. समोर उभं राहून मागितला, कसं न्हाई म्हणायचं?"

"अन मला कावून सांगितलं न्हाई?"

"तू भांडली असतीस."

भांडलेच असते. कारण हा मुकादम कोण, तर वर्षानुवर्षं आम्हाला ऊसतोडीला नेणारा. त्याच्या टोळीतून सुटायला आम्ही ही गाडी घेतली होती, आणि माझ्या नवऱ्याने तिचा पार्ट काढून त्याच्याच हातात ठेवला होता.

माझा नवरा वाईट माणूस नाही, भीडस्त आहे. पारावर त्याचं नाव निघालं की लोक म्हणतात, माणूस देवासारखा. देवासारख्या माणसाशी संसार करून बघा म्हणावं एकदा. त्याला भीड सगळ्या गावाची, फक्त मी तेवढी त्यातून सुटलेली.

इंजिनाचं काम आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. गाडी गॅरेजच्या मागे बाभळीखाली लावून ठेवली. आणि मग एका दुपारी मुकादम घरी आला. पहिली टोळी पोचवून परतला होता. बाजेवर बसत म्हणाला, "गाडीचं ऐकलं. लई वाईट झालं. दुसऱ्या टोळीत यंदा एक जोडी कमी पडतीय. तुमी येत असाल तर जागा हाय."

मी दारात उभी राहून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. भांडू नको, शिवी देऊ नको, पण एवढं तरी म्हण, की आमच्या पार्टवर तुमची गाडी चालते आणि आमची बाभळीखाली पडलीय. नवरा माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "अगं, च्या ठेव."

मी चहा ठेवला नाही. "भाऊ," मी म्हणाले, "आमचा टेन्शनर तुमच्या गाडीत हाय."

मुकादम हसला. त्याला काही वाटलंसुद्धा नाही. "हाय की वहिनी. लई भारी पार्ट, गाडी एकदम मऊ चालतीय. सीझन झाला की काढून देतो."

"असू द्या, असू द्या," नवरा घाईघाईने म्हणाला. "आमाला आता काय घाई न्हाई." आणि तोही हसला.

ते हसू मी अजून विसरलेले नाही. वाकलेल्या व्हॉल्व्हचं मला एवढं दुःख झालं नव्हतं. गाडी नव्हती, बाजार नव्हता, जायचं तर होतंच. पण 'आम्ही येतो' हे नवऱ्याने हसत हसत, मुकादमावर उपकार केल्यासारखं सांगितलेलं मला ऐकवलं नसतं. म्हणून मीच विचारलं, "निघायचं कवा?"

"परवा सकाळी. सामान लई घिऊ नका," मुकादम म्हणाला आणि उठला.

तो गेल्यावर नवरा म्हणाला, "तू बोललीस ते बरं झालं. मला जड जात व्हतं." त्याने माळ्यावरून दोन्ही कोयते काढले, दगडावर पाणी शिंपडलं आणि आधी माझा कोयता उचलला. मी जाऊन तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या," मी म्हणाले. "माज्या कोयत्याला मी लावते धार."