मजीद सरांचा अकबर

मजीद सरांवर मी रागाने लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. शांत डोक्याने बोलणारे आमच्या शाळेत पुष्कळ आहेत. सरांच्या निरोपाची भाषणं त्यांनीच केली.

मुकुंदवाडीतल्या आमच्या खासगी शाळेत सर इतिहास शिकवायचे, सव्वीस वर्षं. मी आधी त्यांची विद्यार्थिनी आणि आता सहा वर्षं तिथंच क्लार्क. त्यांचे वडील शहागंजात पुस्तकं बांधायचे. बांधणीला आलेलं पुस्तक गिऱ्हाइकाला परत जायच्या आत वाचून काढायचं, हा लहानग्या मजीदचा उद्योग. त्यातच कधीतरी त्यांना अकबर भेटला आणि पुढे जन्मभर मानगुटीवर बसला.

त्यांचा अकबर आमच्या गोष्टींतल्यासारखा नव्हता. स्वतःला वाचता येत नाही म्हणून रोज दुसऱ्याकडून पुस्तकं वाचून घेणारा, यात्रेकरूंवरचा कर आणि जिझिया उठवणारा, महाभारत फारसीत उतरवून घेणारा. चितोडची कत्तलही सर गाळायचे नाहीत. मुलं बिरबलाच्या गोष्टी मागायची. सर म्हणायचे, "त्या तुम्हाला येतात. बिरबल लढाईत मेला तेव्हा बादशहा दोन दिवस जेवला नाही, ते ऐका." मुराद नावाचा त्याचा पोरगा इकडं आपल्या जालन्याच्या बाजूला दारूपायी गेला, आणि सलीमने तर म्हातारपणी बापावरच बंड केलं. इथं आले की सरांचा आवाज उतरायचा.

पुस्तकातला धडा आखडत चार ओळींवर आला, तरी सरांची सभा चालू राहिली. अकबर गुरुवारी संध्याकाळी सगळ्या धर्मांच्या विद्वानांना जमवून वाद घालायला लावायचा, म्हणून दर जानेवारीत एका गुरुवारी सातवीचा वर्ग हॉलमध्ये बसायचा. नियम एकच. आपल्या घरचा धर्म कुणी मांडायचा नाही. दुसऱ्याचा मांडायचा, आणि तोही असा की त्या घरच्या पोराची मान खाली जाऊ नये. मी काळी शाल पांघरून पाद्री झाले होते आणि त्यासाठी आठवडाभर चर्चच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

सभेत एक काम कुणालाच नको असायचं. बादशहावर भडकणाऱ्या कर्मठ मुल्लाचं. ते रामकिसन सर करायचे, आमचे मराठीचे मास्तर, चितेगावचे. कापसाची दाढी लावून ते असे गरजायचे की पहिल्या बाकावरची पोरं मागे सरकायची. शेजारी मजीद सर पंडित होऊन बसायचे. त्यांच्याकडून संस्कृत श्लोक रामकिसन सरांनीच पाठ करून घेतले होते, आणि रामकिसन सरांचे उर्दू उच्चार मजीद सरांनी घासून दिले होते. चोवीस वर्षं ही जोडी अशी. दोघांचा डबा एक, चेष्टा एक.

यंदा रामकिसन सरांचा घसा बसला. सभेच्या दिवशी मी त्यांना हॉलमध्ये हळद घातलेलं गरम पाणी नेऊन दिलं, तेव्हा ते मजीद सरांना बसक्या आवाजात म्हणत होते, "या खेपेला मुल्ला तूच कर. तुझंच लिहिलेलं हाय."

सर म्हणाले, "आपला नियम मोडतो, रामकिसन."

"एका दिवसानं काय व्हतंय?"

सरांनी दाढी लावली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला, तोही मित्राच्या शब्दाखातर. कुणीतरी मोबाईलवर तेवढंच टिपलं: मजीद सर हात उगारून म्हणतायत, "खरा धर्म एकच, आमचा." त्यावर बादशहा झालेला सत्यम म्हणाला होता, "मग बाकीचे खोटं बोलायला एवढ्या लांबून आले काय?" आणि हॉल हसला होता, असं पोरांनी मला सांगितलं. ते कापलेलं. दुपारपर्यंत ती चौदा सेकंदं गावभर फिरली.

संस्थेने चौकशी नेमली. हे नाटक होतं, दर वर्षीचं होतं, असं सांगू शकेल असा एकच मोठा माणूस हॉलमध्ये हजर होता. त्याने एवढं लिहून दिलं असतं तर सरांची नोकरीही राहिली असती आणि सभाही.

रामकिसन सर माझ्याकडे जबाब टाईप करायला आले. "सदर कार्यक्रमास मी उपस्थित नव्हतो," त्यांनी सांगितलं. माझी बोटं थांबली. मी म्हणाले, "सर, मी तुम्हाला पाणी दिलं होतं."

"तू टाईप कर, मोनिका. जूनमध्ये मुख्याध्यापकाची जागा रिकामी व्हतीय. माझं एवढंच राहिलंय."

मी टाईप केलं. ते मला अजून सलतं. नंतर चौकशीवाल्यांना जाऊन खरं सांगितलं, तर ते म्हणाले, तुम्ही पाणी द्यायला गेला होता, कार्यक्रम बघायला नाही. झालं. सरांना आठ महिने आधी स्वेच्छेने निवृत्त व्हायला लावलं. स्वेच्छा हा शब्दही मलाच टाईप करावा लागला.

शेवटच्या कागदांवर सही करायला सर जूनमध्ये आले. रामकिसन सर नव्या केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "मजीदभाई, माझी मजबुरी समजून घे. पोटात ठेवू नको काही."

सरांनी सही पुरी केली. मग म्हणाले, "नोकरी गेली त्याचं एवढं काय नाय. पण तू लिहून दिलंस की तू तिथं नव्हतास. मग चोवीस वर्षं माझ्या शेजारी कोण बसत होतं रे?"

 रामकिसन सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मोनिका, सरांसाठी चहा सांग."

चहा आला तेव्हा सर फाटकाबाहेर गेले होते.