घोंगडीखालची वाफ

सुनेनं आणलेल्या वाफेच्या मशीनला निलगिरीचा वास सुटला आणि मी चाळीस वर्षं मागं, डिंभे गावातल्या सासरच्या घरात गेले.

लग्नाला महिना झाला होता. भरल्या घरात आम्ही दोघं धड बोललोही नव्हतो. ह्यांचा खोकला हटेना, तेव्हा ह्यांना वाफ घ्यायला बसवून सासूबाई मला म्हणाल्या, "तूबी बस घोंगडीत. पातेलं धर, कलंडल न्हाईतर." आत गरम वाफ, लोकरीचा ओला वास आणि ह्यांचा पहिला प्रश्न, "माहेरची लई आठवण येती का?"

खोकला आठवड्यात गेला. तरी दिवेलागणीला हे महिनाभर खोकत राहिले. सासूबाईंना सगळं कळत होतं, हे मला सासू झाल्यावर उमगलं.

आज हे टॉवेल घेऊन मशीनपुढं बसले.

"जरा धर गं," म्हणाले, "कलंडल न्हाईतर."