सिस्टरचा सोन्या आणि पोळ्याचा मान

सिस्टर लुसींचे किस्से कांदाचाळीतल्या ओल्या कांद्यासारखे. एकाला कोंब फुटला की शेजारच्यालाही फुटतोच! आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा. म्हणजे, मीठमसाला माझा.

सत्तरच्या दशकात पिंपळगावजवळ आमच्या बांधाला लागून मिशनची शेती होती. ती बघायला वसईहून सिस्टर आल्या आणि पहिल्याच दिवशी पांढऱ्या झग्यात कोळपं धरलं. गावचे पाटीलबाबा बांधावरून ओरडले, "सिस्टर, पांढरं कापड मातीत नाय चालत!"

"मग बाबा, तुम्ही धोतर घरी ठेवून येता का?"

बाबा आठवडाभर बांधाकडे फिरकले नाहीत.

*

एकदा अवकाळी आला. सिस्टरांनी सगळा कांदा प्रार्थनाघरात नेऊन टाकला. रविवारी नाशिकचे फादर प्रवचनाला उभे राहिले, तर सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी! फादर भारावले, बोलतच सुटले.

शेवटी सिस्टर म्हणाल्या, "फादर, आवरा. कांदा नासतोय."

*

त्यांचा बैल सोन्या. दुपारची घंटा झाली की सिस्टर प्रार्थनेला थांबायच्या, म्हणून तोही थांबायचा. मी एकदा उसना नेला, तर माझ्या रानातही घंटेला गप उभा! मी शिव्या घातल्या.

पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, त्याची प्रार्थना होऊ द्या. मग मला घाला."

*

मग मिशनचा ट्रॅक्टर आला. नाशिकहून मोठ्या मदर आल्या. म्हणाल्या, "म्हातारा बैल पोळा झाला की बाजारात विका."

सिस्टरांनी आज्ञा पाळायचं व्रत घेतलेलं. "हो, मदर," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी सोन्याला कोळप्याला जुंपलंच नाही. नुसत्या त्याच्या मानेवरून हात फिरवत बसल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, पोळ्याला ह्याला रांगेत शेवटी उभा करू? शेवटचाच पोळा."

आमच्या गावात तोरणाखालून पहिला जायचा मान आजोबांपासून आमच्या घराचा. आणि पहिला गेलेला बैल वर्षभर विकायचा नाही, हा रिवाज.

पोळ्याला मदरही बघायला उभ्या. ढोल वाजला आणि काय सांगू! सोन्या शेवटून उधळला, सगळ्या जोड्या मागे टाकत वाऱ्यासारखा तोरणाखालून पार!

पाटीलबाबा मदरना म्हणाले, "आता वर्षभर बैल इकायचा नाय. गावाची आज्ञा हाय."

सिस्टर खाली बघून म्हणाल्या, "आज्ञा तर पाळायलाच हवी, मदर."

आता यातलं खोटं कुठलं, तेही सांगतो. सोन्या उधळला बिधळला नाही. म्हातारा तो, पाय ओढत, वाटेत दोनदा थांबत गेला. आणि माझी जोडी तोरणासमोर पुढे घुसायला नुसती मुसंडी मारत होती, मागच्या सगळ्या जोड्या खोळंबलेल्या. कासऱ्यांनी माझे तळहात सोलून निघाले, तेवढं मात्र खरं.